चघळलेल्या पट्ट्याचा पंचनामा

घरच्या कुत्र्याने पिसवांचे औषध खाल्ले, एवढी वार्ता ओटीवरून रस्त्यावर गेली की रत्नागिरीसारख्या गावात जे सल्लागार न बोलावता गोळा होतात, त्यांचे स्थूलमानाने दोन पक्ष पडतात. एक पक्ष काहीतरी पाजा म्हणणाऱ्यांचा : कोणी मिठाचे पाणी सुचवितो, कोणी ताक, कोणी तूप, आणि ज्याला यांपैकी काहीच वेळेवर आठवत नाही, तो निदान दूध तरी पाजावे असे म्हणून आपल्या उपस्थितीचे सार्थक करून घेतो. दुसरा पक्ष संख्येने अल्प आणि स्वभावाने काहीसा रुक्ष असतो. तो पाजण्याच्या आधी विचारू लागतो, आणि संकटसमयी प्रश्न विचारणारा मनुष्य कोणालाच आवडत नसल्यामुळे त्याचे म्हणणे बहुधा अर्ध्यावरच राहते. या दोन पक्षांना एकमेकांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावयास लावावे, एवढ्याच हेतूने मी येथे एक मामा आणि एक भाची कल्पिली आहेत. नावानिशी शोधू गेल्यास ती सापडावयाची नाहीत; वर्णनावरून शोधल्यास जयस्तंभापासून मारुती मंदिरापर्यंतच्या रस्त्यात चार ठिकाणी भेटतील.

मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आहेत. फिर्याद, जबानी, मुद्देमाल, तजवीज, तहकुबी हे शब्द त्यांच्या जिभेवर असे मुरले आहेत की घरातले नारळ मोजणीत कमी भरले तरी ते गड्याचा जबाब घेतात. पावसच्या वाटेवर त्यांची हापूसची काही कलमे आहेत, आणि कलमांवर कोणत्या वेळी काय फवारावे याविषयी दापोलीच्या कृषी विद्यापीठाशी मतभेद ठेवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे राखून ठेवलेला आहे. भाची परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, म्हणजे १८८६ पासून चालत आलेल्या मुंबईच्या त्या जुन्या संस्थेत, शिकून आलेली असून तिचा दवाखाना गावातच आहे. वादाला निमित्त झाला तो मोत्या नावाचा, वजनाने पंधरा किलोंच्या आसपासचा, गावठी कुत्रा. कोकणचा पाऊस पिकाला जितका मानवतो तितकाच पिसवांना आणि गोचिडींनाही मानवतो. श्रावणात मोत्या रात्रभर अंग खाजवीत पडवीच्या जमिनीवर पाय आपटू लागला, तेव्हा मामांच्या मुलाने मुंबईहून गळ्यात बांधावयाचा एक औषधी पट्टा पाठवून दिला. आंघोळीसाठी तो पट्टा काढून पडवीच्या कठड्यावर ठेवला गेला, आणि घरातील मंडळींची पाठ फिरताच मोत्याने त्याचा यथास्थित समाचार घेतला.

“आलीस ते बरे झाले,” मामा म्हणाले. “मिठाचे पाणी तयार आहे. तू जबडा धर, मी ओततो. ओकून टाकले म्हणजे प्रकरण निकालात निघाले.”

“मीठ बाजूला ठेवा, मामा. आधी सांगा, पट्ट्याचा खोका कोठे आहे?”

“खोका? तो त्याच दिवशी बंबात गेला. खोक्यात का औषध असते?”

“औषध खोक्यात नसते, पण औषधाचे नाव खोक्यावर असते. तुम्ही उभा जन्म कचेरीत काढलात. घटनास्थळी गेल्यावर मुद्देमालाचे वेष्टन एखाद्या शिपायाने चुलीत घातले असते, तर तुम्ही त्याची काय गत केली असती?”

मामा क्षणभर निरुत्तर झाले. परंतु निरुत्तर होणे आणि हार जाणे या दोन गोष्टींत महसूल खाते नेहमीच फरक करीत आले आहे. “पंचनामा मेलेल्याचा करतात,” ते म्हणाले. “हा जिवंत आहे, आणि जिवंत राहावा म्हणूनच ही घाई चालली आहे. उद्या कोणाला फुरसे चावले, तर तू काय सापाची जात विचारीत बसशील, की माणसाला गाडीत घालशील?”

हा प्रश्न मामांनी केवळ जिंकण्यासाठी विचारला होता. पण या सबंध वादातला तोच मला सर्वांत मार्मिक वाटतो, कारण त्याचे उत्तर देताना भाचीला आपल्या शास्त्राची खरी अडचण उघड करावी लागली.

“सापाच्या बाबतीत तुमचेच खरे आहे,” ती म्हणाली. “नाग, मण्यार, घोणस आणि आपले हे रत्नागिरीचे फुरसे, या चारही सापांवर आपल्याकडे एकच लस चालते, हाफकिनने ती वर्षानुवर्षे केली. म्हणून सापाची ओळख पटवीत वेळ दवडू नये, माणसाला थेट दवाखान्यात न्यावे. पिसवांच्या औषधांना असा एकच उतारा नाही, आणि नुसता नाही एवढ्यावरच भागत नाही. एका विषावरचा उतारा दुसऱ्या विषात घात करतो. काही पट्ट्यांत आणि पावडरींत प्रोपॉक्सर असते. ते कार्बामेट कुळातले. ते पोटात गेले की तोंडाला लाळ सुटते, डोळे पाझरतात, लघवी-जुलाब आवरत नाहीत, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, अंगाला कंप सुटतो, आणि मात्रा मोठी असली तर छातीत स्राव साचून श्वास कोंडतो. त्यावर अॅट्रोपीन हा तारक उतारा. आता अमिट्राझ घ्या. गोठ्यात गोचिडींसाठी बाटलीतले जे औषध पाण्यात कालवून जनावरांच्या अंगाला लावतात, ते पुष्कळदा हेच असते. ते चाटलेला कुत्रा पेंगतो, झोकांड्या खातो, नाडी मंदावते, अंग गार पडते, रक्तातली साखर चढते आणि आतड्यांची हालचाल थंडावते. त्यावर योहिम्बीन किंवा अॅटिपामेझोल द्यावे लागते. नाडी मंद लागते एवढ्यावरून कोणी उत्साहाने अॅट्रोपीन टोचले, तर आधीच मंदावलेली आतडी पार थांबतात आणि रक्तदाब भडकू शकतो.”

“आणि ओकारी?”

“तिचीही तीच कथा. कुत्र्याला ओकविण्यासाठी झायलाझीन टोचण्याची एक रीत आहे. शरीरात झायलाझीन आणि अमिट्राझ यांची करणी एकाच जातीची. म्हणजे विष काढावे म्हणून जे दिले, त्याने विषालाच बळ दिले असे होईल. आता सांगा, खोक्याशिवाय मी कोणती सुई भरू?”

येथे वाचकांपैकी काहींना असे वाटेल की डॉक्टर लोकांनी लक्षणांवरून विष ओळखावे, खोक्यावर इतके अवलंबून राहावे हे त्यांच्या विद्येला शोभत नाही. ही अपेक्षा अगदीच अनाठायी नाही. बारीक बाहुल्या आणि मंद नाडी यांवरून अनुभवी वैद्य पुष्कळ ओळखतो. परंतु लक्षणे दिसावयास लागणे म्हणजे विष रक्तात गेलेले असणे, आणि जो पहिला तास-दीड तास पोट रिकामे करण्याच्या कामी येतो तो लक्षणांची वाट पाहण्यात घालविणे हा कसला व्यवहार? खोका हा लक्षणांच्या आधी बोलणारा एकमेव साक्षीदार होय.

मुंबईच्या मुलाला फोन गेला. सुदैवाने दुकानाची पावती त्याने जपून ठेवली होती. पट्ट्यात इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन अशी दोन द्रव्ये असल्याचे त्याने वाचून दाखविले, आणि भाचीच्या चेहऱ्यावरचा ताण पुष्कळसा उतरला.

“यातून विषबाधेचे भय त्या मानाने कमी,” ती म्हणाली. “ही द्रव्ये प्लास्टिकात मुरविलेली असतात आणि महिनोन्महिने कणाकणाने बाहेर येतात. लाळ, एखाद-दुसरी उलटी, थोडी सुस्ती, बहुधा यापलीकडे काही होत नाही. आता दुसरा प्रश्न : किती गेला?”

तिने जुने वर्तमानपत्र पडवीत पसरले आणि मोत्याने इतस्ततः टाकलेले तुकडे त्यावर मूळच्या क्रमाने मांडावयास घेतले. बक्कल शाबूत होते. त्याच्यापुढचा वीतभर भाग दातांच्या खुणांनी खरवडलेला असला तरी अखंड होता. त्यानंतर दोन लहान तुकडे, कडा चावून पांढुरक्या झालेले. त्यापुढे काहीच नाही. आणि शेवटी टोकाचा, लाळेने माखलेला, तिरका कापल्यासारखा एक अवशेष. मामांनी चष्मा चढविला, शेताचा बांध मोजावा तशा गांभीर्याने मधल्या रिकाम्या जागेवर बोटे ठेवली आणि “चार बोटे कमी” असा निर्वाळा दिला. कागदाच्या कडेला त्यांनी तारीख-वेळही घातली, हे मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे, कारण त्या दिवशी त्यांच्या हातून भाचीच्या पक्षाला मिळालेली ही पहिली मदत होय.

“ही चार बोटे पोटात आहेत असे धरून चालावयाचे,” भाची म्हणाली. “विष म्हणून त्यांची मला फारशी चिंता नाही, अडथळा म्हणून आहे. तुकडा आतड्यात अडकला तर पोटात गेलेले अन्नपाणी उलटून पडेल, शौच बंद होईल, पोटाला हात लावू देणार नाही. प्लास्टिक क्ष-किरणात नेहमीच दिसते असेही नाही. दुर्बिणीने काढावयाची पाळी आली तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागेल, आणि या पावसात ते रात्री करण्यापेक्षा दिवसाउजेडी केलेले बरे. मोत्या शुद्धीवर आहे, तरतरीत आहे, खाल्ल्याला तासही झालेला नाही. तेव्हा दवाखान्यात नेऊन योग्य औषध टोचून मी त्याला ओकवीन. म्हणजे तुमचे म्हणणे मी मान्यच करीत आहे, मामा. फक्त मिठाने नाही.”

“मीठ तेवढे वाईट? पिढ्यान् पिढ्या पाजीत आले.”

“ओकारी झाली नाही तर ते मीठ कोठे जाते याचा हिशेब पिढ्यान् पिढ्या कोणी ठेवला नाही. ते रक्तात चढते, मेंदूतले पाणी ओढून घेते, झटके येतात. विष सौम्य आणि उतारा घातक, अशी अवस्था होते. घशात बोटे घालणे हाही प्रकार नको. तो चावेल, आणि ओकलेले श्वासनलिकेत जाईल. तूपही नको, यातील पुष्कळशी द्रव्ये स्निग्ध पदार्थात विरघळतात, तुम्ही त्यांना आत जावयाला सोबत द्याल. ओल्या फडक्याने जबडा आतून पुसा, म्हणजे कडवट चव जाईल. थेंबांचे औषध चाटले असते तर ती चव धुवावी म्हणून दोन-चार चमचे मऊ पेज मी चालवून घेतली असती.”

थेंबांच्या औषधाविषयी ती पुढे जे बोलली ते पुष्कळांच्या उपयोगी पडेल. मानेवर, खांद्यांच्या मध्ये सोडावयाच्या त्या नळीत बहुधा फिप्रोनिल असते. दहा ते वीस किलोंच्या कुत्र्यासाठी असलेल्या नळीत १.३४ मिलीलिटर द्राव, त्यात द्रव्य दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे १३० मिलिग्रॅम. पंधरा किलोंच्या मोत्याने ती सबंध नळी चावून फोडली तरी किलोमागे नऊ मिलिग्रॅमही पडत नाही. अशा वेळी फेसाळ लाळ पाहून घरची मंडळी हातपाय गाळतात, पण ती लाळ बव्हंशी चवीची असते. तीच नळी चाळीस किलोंच्या कुत्र्याची असून दोन किलोंच्या पिल्लाने फोडली, तर गणित पार बदलते. म्हणूनच भाची खोक्याच्या खालोखाल कुत्र्याचे वजन विचारते. याउलट, हल्ली महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या अंतराने द्यावयाच्या ज्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या मुद्दामच मांसाच्या चवीच्या करतात. कुत्रा कपाट उघडे सापडल्यास एक खाऊन थांबत नाही. त्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना कंप आणि झटके येतात असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला होता, तेव्हा ज्याला पूर्वी फेफरे येऊन गेले आहे त्याच्या बाबतीत दुर्लक्ष करू नये.

मोत्याला दवाखान्यात नेऊन आणले. तीन तुकडे बाहेर पडले, ते कागदावरच्या रिकाम्या जागेत बसवून पाहता हिशेब जवळजवळ पुरा झाला, आणि मामांनी त्या कागदावर “मुद्देमाल हस्तगत” असा शेरा मारला. वाद संपावयाला हरकत नव्हती. पण जीव वाचल्यावरच माणसांना तत्त्वाचा वाद घालावयाला खरी सवड मिळते.

“मूळ चूक पट्टा बांधण्यात आहे,” मामा म्हणाले. “आमच्या लहानपणी कुत्र्याला करंजेल चोळीत. वेखंडाची पूड होती, तंबाखूचे पाणी होते, सीताफळाच्या बिया होत्या. झाडपाल्याने कोणाचे कुत्रे मेल्याचे ऐकिवात नाही. तुमची ही कारखान्यातली विषे गळ्यात बांधावयाची, आणि मग त्यांच्या उताऱ्यांची विषे शोधीत हिंडावयाचे!”

“मामा, तंबाखूतले निकोटीन किड्याच्या मज्जातंतूंवर ज्या जागी बसते, बरोबर त्याच जागी या पट्ट्यातले इमिडाक्लोप्रिड बसते. फरक इतकाच की निकोटीन कुत्र्यालाही जवळजवळ तितक्याच जोराने लागते, आणि हे किड्याला फार, कुत्र्याला थोडे. फ्लुमेथ्रिन ज्या कुळातले, त्या पायरेथ्रॉइडांचा मूळ पुरुष म्हणजे शेवंतीच्या जातीचे एक फूल. त्याची वाळवून केलेली पूड लोक पूर्वी अंथरुणात टाकीत. कार्बामेटे ज्या नमुन्यावर बेतली तो पश्चिम आफ्रिकेतल्या एका शेंगेच्या बीमध्ये सापडला. कारखान्याने झाडपाल्याचीच नक्कल केली, आणि पुष्कळ ठिकाणी ती मुळापेक्षा सौम्य केली. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली म्हणजे काय होते ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. कडुनिंबाचे तेल लहान मुलांच्या पोटात गेल्याने झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. तेव्हा झाडाचे म्हणून निरुपद्रवी हा दाखला मी ग्राह्य धरीत नाही.”

“पण कारखान्याचे म्हणून शहाणे, हा तरी कोणी दिला? आमच्या तरुणपणी गॅमेक्सिन पावडरीचा असाच डंका होता. गोठ्यात टाका, गादीखाली टाका, कुत्र्याला चोळा. पुढे सरकारनेच त्या बी.एच.सी.वर बंदी घातली, १९९७ साली. तोवर किती कुत्री ती चाटून मेली याची नोंद कोणत्या दप्तरात आहे?”

“कोठेही नाही,” भाचीने कबूल केले, आणि आपल्याच पक्षाविरुद्ध आणखी एक पुरावा जोडला. “ज्या प्रोपॉक्सरविषयी मी मघा सांगितले, त्याचे कुत्र्या-मांजरांचे पट्टे बंद करण्याचे अमेरिकेत २०१४ साली ठरले. कुत्र्यांमुळे नाही, मुलांमुळे. मूल कुत्र्याला मिठी मारते, तोच हात तोंडात घालते.”

“झाले तर मग!” मामा सरसावून बसले. “आणि शिवाय पिसवा जातात कोठे? कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मूठभर. अंडी, अळ्या सगळी गोणपाटात, जमिनीच्या भेगांत, कोनाड्यात. आमची आई दर आठवड्याला पडवी सारवी, गोणपाट उकळत्या पाण्यातून काढी, ऊन पडले की अंगणात घाली. तुमचा पट्टा झाडू मारतो काय?”

या मुद्द्यावर मामांचा पक्ष सरस आहे, असे मला निःपक्षपातीपणे म्हणावेसे वाटते. पिसवेच्या चार अवस्थांपैकी केवळ प्रौढ अवस्था जनावराच्या अंगावर राहते. उरलेला सारा संसार त्याच्या बसण्या-झोपण्याच्या जागी चालतो, आणि कोशात गेलेली पिसू अनुकूल काळाची वाट पाहत कित्येक आठवडे, प्रसंगी महिने दडून राहू शकते. पट्ट्यांचे विक्रेते हे लहान अक्षरांत छापतात. ज्या घरात केर काढला जात नाही तेथे एकामागून एक पट्टे बांधूनही कुत्रा खाजवीतच राहतो, मग पहिल्याचा गुण आला नाही म्हणून वर थेंब, थेंबांवर पावडर असा विषांचा थर चढतो, आणि दवाखान्यात येणाऱ्या कित्येक विषबाधा चघळण्यापेक्षा या थराच्याच असतात.

भाचीने हे मान्य केले. पण तिने प्रश्नाचे दुसरे टोक धरले. “पट्टा नको म्हणता, तर गोचिडींचे काय करता? त्या भिंतींच्या फटींत राहतात, सारवण्याने जात नाहीत. गोचीड-तापाने नाकातून रक्त गळणारी, हिरड्या पांढऱ्या फटक पडलेली कुत्री दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात. आपल्या शेजारी सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे, २०१६ साली माकडतापाने माणसे दगावली. ती गोचीड रानातली, कुत्र्यावरची नव्हे, हे खरे. पण गोचीड म्हणजे नुसती खाज नव्हे एवढे त्या लोकांना कळून चुकले. आणि पिसवेविषयी तर तुम्ही मला विचारूच नये. तुम्ही दर १ ऑगस्टला टिळक आळीत लोकमान्यांच्या जन्मघरी जाता ना? १८९७ मध्ये प्लेगच्या नावाखाली पुण्यात रँडच्या सोजिरांनी देवघरापर्यंत झडत्या घेतल्या, लोकमान्यांनी त्यावर लिहिले, त्याच वर्षी राजद्रोहाची शिक्षा भोगावयाला ते तुरुंगात गेले. आणि एवढ्या झडत्यांत ज्याच्या चाव्याने रोग पसरत होता त्या पिसवेची झडती कोणी घेतली नाही. पुढच्या वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरच्या पिसवांचा हा गुन्हा उघडकीस आणला, तर वर्षानुवर्षे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीना.”

लोकमान्यांचे नाव निघाल्यावर मामांचा स्वर नेहमीच खाली येतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी अगदी वेगळ्याच बाजूने प्रश्न केला.

“इमिडाक्लोप्रिड म्हणालीस ना? मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारतो तेच हे?”

“तेच. आणि पालवीवर पहिली फवारणी करता ते डेल्टामेथ्रिन, ते या फ्लुमेथ्रिनचे भाऊबंद.”

“मग पट्ट्याला इतके रुपये मोजण्यापेक्षा फवारणीची उरलेली बाटलीच थोडी पातळ करून—”

“मामा!” भाचीचा आवाज त्या दिवशी प्रथमच चढला. “हेच जिल्ह्यात सर्रास चालते आणि हेच सर्वांत भयंकर. पट्ट्यातले द्रव्य कणाकणाने येते. बागेच्या बाटलीतले एकदम, आणि ते विरघळविण्यासाठी त्यात पुष्कळदा रॉकेलच्या जातीचे तेल घातलेले असते. कुत्रा ते अंगावरून चाटतो, कातडीतून शोषतो. अशा कुत्र्याला ओकवावयाचेही नसते. ते तेल वर येताना फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया ठरलेला. भांडी घासावयाच्या साबणाने अंग धुवावयाचे, चाटू नये म्हणून लक्ष ठेवावयाचे आणि बाटली बरोबर घेऊन निघावयाचे, एवढेच घरी करण्यासारखे. आणि तुमची ती मांजर? ती रात्री मोत्याच्या कुशीत झोपते. याच कुळातले परमेथ्रिन पचविण्याची जी शक्ती कुत्र्याच्या यकृतात आहे ती मांजराच्या नाही. कुत्र्याला लावलेले मांजराने चाटले तर कुत्रा शाबूत आणि मांजर झटक्यांनी जाते. तुमची फवारणीची बाटली असते कोठे?”

ती बाटली पडवीतल्या फळीवर, मोत्याच्या गोणपाटापासून दोन हातांवर, कोयत्याच्या शेजारी उभी होती. तिच्या झाकणावर वर्तमानपत्राचा बोळा बसविलेला होता, कारण मूळचे झाकण फुटून गेले होते. लेबल मात्र, खोक्याप्रमाणे बंबात जाणे शक्य नसल्यामुळे, अर्धेमुर्धे शिल्लक होते. मामांनी ती स्वतः उचलून कुलपाच्या कपाटात नेऊन ठेवली. त्यानंतर भाचीच्या सांगण्यावरून एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात काही नोंदी केल्या : घरात असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व द्रव्य, आणल्याची तारीख, भाचीचा फोन, ती गावात नसल्यास पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक, जो प्रामुख्याने गुराढोरांसाठी असला तरी जवळच्या सरकारी दवाखान्याचा ठाव त्यावर लागतो. वजनाच्या रकान्यापाशी ते अडले. मोत्या तराजूत बसावयाचा कसा? आधी मोत्याला उचलून स्वतः काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी, असे भाचीने सुचविले. मामांनी ते केले आणि मोत्याच्या वजनापेक्षा स्वतःच्याच वजनाने ते अधिक चकित झाले.

पुठ्ठा कपाटाच्या दाराला आतून चिकटविण्यात आला. खोके यापुढे बंबात घालावयाचे नाहीत, पट्टा काढला तर खुंटीला उंच टांगावयाचा, बांधताना गळ्याभोवती दोन बोटे सैल ठेवून लोंबणारे टोक तेथेच कापून टाकावयाचे, कारण शेजारची पिल्ले खेळता खेळता तेच धरतात, या तीन कलमांवर उभय पक्षांचे एकमत झाले. मोत्याने संध्याकाळी भात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शौचास गेला, याची नोंद मामांनी तारीखवार केली. पुढचे तीन दिवस ती चालू ठेवावयाची आहे. नवा पट्टा आणावयाचा की करंजेल आणि सारवण यांवर निभवावयाचे, या मुद्द्यावर मात्र तडजोड झाली नाही. भाचीने मुंबईला फोन करून पट्टा मागविते म्हटले, मामांनी हरकत नोंदविली, आणि गौरी-गणपतीला मुलगा घरी येईल तेव्हा तिघांच्या समक्ष निर्णय व्हावा म्हणून प्रकरण तोवर तहकूब ठेवण्यात आले.